दिवाणाखालचा कोयता

पत्र :

'ताई, सा. न. वि. वि. मी पुण्यात एका उपनगरात राहते, वय २७, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. वडील नाहीत. आई चार घरी पोळ्या करते. धाकटा भाऊ १९ वर्षांचा. बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला मैदानावर जायचा. सरावासाठी लोखंडी गोळा स्वतः पैसे साठवून आणला होता.

गेल्या वर्षी वर्गणीवरून पोरांची बाचाबाची झाली. भाऊ त्यात नव्हता, त्याचा मित्र होता. चार दिवसांनी रात्री दोन गाड्यांवरून सहा जण आले. मित्र सापडला नाही म्हणून भावावर कोयत्याने वार केले. तोंडावर हात घेतला म्हणून वाचला. उजव्या हाताला सत्तावीस टाके. करंगळी आणि शेजारचं बोट अजून पूर्ण मिटत नाही. हॉस्पिटलचे चाळीस हजार आमच्या भागातल्या एका भाईने भरले. मारणारे चार महिन्यांत जामिनावर सुटले. आता गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवत उभे राहतात.

तेव्हापासून भावाने मैदान सोडलं. रात्रभर जागा असतो, दुपारी उठतो, संध्याकाळी भाईच्या ऑफिसवर जाऊन बसतो. परवा झाडताना दिवाण उघडला तर गोळ्याशेजारी गोणपाटात गुंडाळलेला कोयता. विचारलं तर म्हणाला, "मारायला नाय ठेवला. परत आले तर असावा म्हणून." आईला सांगितलेलं नाही. मामा म्हणतो लग्न लावून द्या. मावशी म्हणते गावाला पाठवा. पोलिसांत जावं तर भावालाच आत टाकतील. काय करू?
– एक बहीण'

प्रिय ताई,

पत्र संपवून मी पुन्हा एकाच वाक्यापाशी गेले. 'परत आले तर असावा म्हणून.' वस्त्यांमधल्या पोरांबरोबर काम करताना हे वाक्य मी किती पोरांच्या तोंडून ऐकलंय, त्याची मोजदाद नाही. पोरं वेगळी, भाग वेगळे, शब्द मात्र जवळजवळ हेच. आणि एक सांगते, हे म्हणणारा पोरगा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. तुमच्या भावाने तो कोयता घाबरून ठेवलाय. त्याला हे कबूल करता येणार नाही, कारण त्या कट्ट्यावर घाबरलेल्याला 'फट्टू' म्हणतात आणि एकदा ते नाव पडलं की दुसऱ्यांदा मार बसायला वेळ लागत नाही, असं तिथे सगळेच मानतात.

एक पोरगा होता, तेव्हा वीस वर्षांचा, पाठीत वार झालेला. माझ्या खोलीत आला की आधी खुर्ची उचलून भिंतीला लावायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. चहाचा कप डाव्या हातात, उजवा हात मोकळा. बाहेर कुणी बुलेटच्या सायलेन्सरचा फटका काढला की चहा सांडायचा. मी विचारलं, 'भीती वाटते का रे?' तर हसला. 'भीती? आपल्याला?' मग प्रश्न बदलला. 'झोप कशी लागते?' त्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'मॅडम, दीड वर्ष झालं, आडवा होऊन झोपलेलो नाय. बसल्या बसल्या डोळा लागतो तेवढाच.' त्या दिवसापर्यंत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. पंचनामा झाला होता, जबाब झाला होता, टाके काढून झाले होते. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या भावाचंही तसंच झालंय असं मला पत्रावरून वाटतं. रात्रभर जागतो आणि दुपारी उठतो याला घरात आळस म्हणत असतील. तो पहारा देतोय, ताई.

म्हणून पहिली गोष्ट ही, की त्याच्याशी बोलताना कोयत्यापासून सुरुवात करू नका. सुरुवात त्या रात्रीपासून करा. 'तुझ्यावर वार झाले, तुझा काही दोष नव्हता, आणि आम्ही तुला नंतर एकदाही नीट विचारलं नाही,' एवढं म्हणा. बसून समोरासमोर म्हणू नका, भाजी निवडताना, गाडीवर मागे बसून, कपडे वाळत घालताना म्हणा. या वयाची पोरं डोळ्यांत बघून बोलत नाहीत. त्याने उडवून लावलं तर लावू द्या. दोन दिवसांनी परत म्हणा.

आता कोयता. तो घरातून गेलाच पाहिजे, आणि लवकर गेला पाहिजे. पण त्याआधी त्याला एक प्रश्न सरळ विचारा : हा कुठे वापरला गेलाय का, किंवा वापरलेला कुणी तुझ्याकडे ठेवायला दिलाय का? टोळीतली पोरं 'ठेव जरा तुझ्याकडे' म्हणून हत्यार नव्या पोराच्या घरी टाकतात, हे नेहमीचं आहे. उत्तर 'हो' असेल किंवा तो उत्तर टाळत असेल, तर कोयत्याला हात लावू नका, तो धुऊ नका, कॅनॉलमध्ये टाकू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम २३८, आणि त्यात तुम्हीही अडकाल. आधी वकील गाठा. वकील कुठे मिळेल ते पुढे सांगते.

नुसता विकत आणलेला असेल तर गोष्ट सोपी आहे. कोयता हे अवजार आहे, उसाच्या फडात आणि शहाळ्याच्या गाडीवर त्याचं काम असतं. मामांची शेती असेल तर मूठ काढून पातं वेगळं करून ते त्यांच्याकडे द्या, त्यांनी त्यांच्या सामानातून न्यावं. भावाने स्वतः रात्री डिकीत टाकून न्यायचा नाही. पोलीस आयुक्तांचे शस्त्रबंदीचे आदेश महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पुण्यात सतत नव्याने निघत असतात. त्या काळात रस्त्यावर कोयत्यासह सापडला तर कलम १३५ लागतं आणि बहुतेक वेळा शस्त्र कायदाही. 'मी फक्त बाळगला होता' याला तिथे काही अर्थ राहत नाही. आणि शक्यतो त्याच्या हातूनच तो मामांना द्यायला लावा. चोरून काढून घेतलात तर तो दुसरा आणेल, काही शे रुपयांत मिळतो.

तो म्हणेल, 'मग ते आले तर काय करू?' हा प्रश्न खरा आहे आणि याला उत्तर दिल्याशिवाय कोयता जाणार नाही. पोरांना समजावणाऱ्या माझ्यासारख्या माणसांची इथेच चूक होते. आम्ही 'बदला वाईट' म्हणून सांगतो आणि घरी जातो, पोराला मात्र त्याच गल्लीत परत जायचं असतं.

मारणारे जामिनावर आहेत. जामीन देताना कोर्ट अटी घालतं. साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही, धमकवायचं नाही, कित्येकदा त्या भागात पाऊल टाकायचं नाही, अशाही. या अटी नेमक्या काय आहेत हे फिर्यादीला माहीतच नसतं. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टातून काढा. मग एक साधी वही करा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण, कोणत्या गाडीवर, काय केलं. गाडीचा नंबर लिहा. दुकानाच्या कॅमेऱ्यात येत असेल तर दुकानदाराकडून ते लगेच मागून घ्या, कारण आठ-पंधरा दिवसांत ते पुसलं जातं. त्यांनी स्टेटसला कोयत्याचे इमोजी टाकले, रील टाकली, तर तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. भावाने स्वतः त्यावर एकही कमेंट टाकायची नाही. साक्षीदाराला धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे. ही वही घेऊन तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांना लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. जामीन रद्द करण्याचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली होतो. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं हेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे, ते आलं नसेल तर मागा.

साक्षीदार संरक्षण योजना म्हणून एक गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती मंजूर केली. जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि त्याप्रमाणे गस्तीपासून ते राहण्याची जागा बदलण्यापर्यंत व्यवस्था होऊ शकते. खूप कमी लोक अर्ज करतात.

हे सगळं करायला वकील हवा. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तुम्ही किंवा आई अर्ज करू शकता. भावाचं उत्पन्न नसल्याने त्यालाही मिळेल. हत्यार घरात आहे हेही त्या वकिलाला मोकळेपणाने सांगा. तुमची शंका, की पोलिसांत गेलो तर भावालाच आत टाकतील, ती वेडगळ नाही. मी तुम्हाला 'पोलिसांवर विश्वास ठेवा' एवढंच म्हणून सोडणार नाही. वकील बरोबर घेऊन, लेखी अर्ज हातात घेऊन, दिवसा जा. चौकीत दाद लागली नाही तर वरिष्ठांकडे टपालाने पाठवा, ती तरतूद कायद्यात आहे.

याच कार्यालयात आणखी एक अर्ज करा, नुकसानभरपाईचा. महाराष्ट्र पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ पासून आहे. तुमच्या भावाच्या दोन बोटांत कायमचा दोष राहिला असेल तर तो त्यात बसू शकतो. हा अर्ज मी का करायला सांगतेय ते त्या चाळीस हजारांशी जोडलेलं आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची गोष्ट सांगते. तिथे पोरापोरांतले चाकूहल्ले इतके वाढले होते की २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि म्हटलं, हा रोग आहे असं समजून काम करू. पुढे २०१५ मध्ये त्यांनी ग्लासगोच्या मोठ्या रुग्णालयात अपघात विभागात काही माणसं नेमली. त्यांचं काम एकच. भोसकलेला पोरगा आला की त्याच्या खाटेशेजारी जाऊन बसायचं. पोलीस म्हणून नाही, डॉक्टर म्हणून नाही. 'बरा झाल्यावर कुठे जाणार आहेस? कुणाला फोन करणार आहेस?' असं विचारायचं, आणि घरी गेल्यावरही संपर्क सोडायचा नाही. कारण टाके ओले असताना पोराच्या मनात दोनच वाटा असतात, आणि त्या काही तासांत जो माणूस शेजारी असतो त्याचं तो ऐकतो.

तुमच्या भावाच्या खाटेशेजारी कोण बसलं होतं, ताई? भाई.

तुम्ही लॅबमध्ये असाल, आई कामावर असेल, आणि बिल भरायची घाई असेल. तुमचा यात काडीचाही दोष नाही. ती जागा रिकामी होती आणि भाईला ती ओळखता येते, त्याचं आयुष्य त्यावरच चाललंय. बॉस्टनमध्ये जॉन रिच नावाच्या डॉक्टरांनी गोळी किंवा चाकू लागून आलेल्या तरुणांशी वर्षानुवर्षं बोलून नोंद केलीय, की ही पोरं बरी होऊन घरी जातात तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त वाटतं ते असुरक्षित, आणि त्यातूनच ती हत्यार घेतात, नशा करतात, परत मारामारीत सापडतात. आपल्याकडे मार खाल्लेला आणि मारणारा अशा दोन वेगळ्या जाती आहेत असं धरून चालतात. फिर्यादीच्या कागदावर ते ठीक आहे. गल्लीत मात्र गेल्या वर्षी ज्याला टाके पडले तोच या वर्षी गाडीवर मागे बसलेला दिसतो.

भाईचे पैसे परत करा. सगळे, हप्त्याने का होईना. सोनं तारण ठेवावं लागलं तरी ठेवा. मी असं कर्ज काढायला सहसा कुणाला सांगत नाही. भावाने एकट्याने जायचं नाही. मामा आणि गल्लीतला एखादा वयस्क, ज्याला भाई 'काका' म्हणून हाक मारतो असा, बरोबर घ्या. वाद नको, उपदेश नको. 'तुमचे उपकार विसरणार नाही, पण आईला देणं ठेवलेलं चालत नाही,' बस. भाई हसून म्हणेल, 'पैसे कसले, पोरगा आपलाच आहे.' नेमकं तेच तोडायचंय, म्हणून पाकीट टेबलावर ठेवून निघा.

भाईच्या सावलीत पोरगा सुरक्षित राहतो हा समज किती खोटा आहे हे पुण्याने डोळ्यांनी पाहिलंय. ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडमध्ये भर दुपारी एका नामचीन गुंडाचा खून झाला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्याच्याबरोबरच वावरणाऱ्या पोरांनी केला, आणि मुख्य आरोपी अवघा वीस वर्षांचा. १ सप्टेंबर २०२४ ला नाना पेठेत एका माजी नगरसेवकाचा खून झाला, आणि वर्षाने, ५ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच नाना पेठेत त्या खटल्यातल्या एका आरोपीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. पोलीस त्याला बदला म्हणतात. त्या पोराचं वय बघा आणि तुमच्या भावाचं बघा. बदल्याच्या हिशोबात कुणाचं नाव लिहिलं जाईल हे गल्ली ठरवते. तुमच्या भावाला हे कळायला हवं, कारण त्याच्यावरचे वारही मुळात मित्राच्या नावाचे होते.

कायद्याचंही त्याला एकदा स्पष्ट सांगा. ओरडून नको, माहिती म्हणून. तो अठरा पूर्ण झालाय. बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह हे सगळं मागे राहिलं, आता सरळ येरवडा. माझ्याकडे एक पोरगा होता, त्याने फक्त गाडी चालवली होती. मागे बसलेल्याने उतरून वार केले, हा हँडल धरून उभा. त्याच्या आईला तीन वर्षं वाटत राहिलं की कोर्टात हे कळेल आणि याला सोडतील. समान इराद्याचं कलम असतं, पूर्वी ३४ होतं, आता ३(५). त्यात गाडी चालवणारा आणि वार करणारा एकाच ओळीत बसतात. खुनाच्या प्रयत्नाला, म्हणजे आता कलम १०९, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

आणि मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. पोरं मोक्का लागलेल्याचं नाव आदराने घेतात. मोक्का लागायला त्या पोरावर स्वतःवर आधीचे गुन्हे असावे लागतात असा त्यांचा समज असतो. तसं नाही. टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं असली, तर तिच्यात नुकताच बसायला लागलेला पोरगाही त्यात येऊ शकतो. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढते, जामीन फार अवघड, शिक्षा झाली तर पाच वर्षांच्या खाली नाही. भाईच्या ऑफिसवर नुसतं 'बसणं' हे कागदावर किती लवकर 'टोळीचा सदस्य' होतं, ते त्याला वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलंत तर तो म्हणेल ताई घाबरवते.

एकवीस वर्षांच्या आतल्या पोरांसाठी आपल्या कायद्याने एक दार उघडं ठेवलंय हेही खरं. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं. हा परिवीक्षा कायदा १९५८ चा, त्याच्या कलम ६ प्रमाणे या वयाच्या पोराला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायाधीशाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगच दिला तर कारणं लिहावी लागतात. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला हे दार बंद आहे. म्हणजे कोयत्याचा एक वार पडला की ते दार गेलं.

मामांचा लग्नाचा सल्ला मनातून काढून टाका. मुलाचं लग्नाचं वय कायद्याने २१ आहे, हा १९ चा. ते बाजूला ठेवलं तरी, रात्रभर दाराकडे बघत बसणाऱ्या पोराच्या घरात कुणाची तरी मुलगी औषध म्हणून आणायची, हे मला अजिबात मान्य नाही. असं आणलेल्या सुनांची काय गत होते ते मी पाहिलंय. त्यांच्या अंगावरचे वळ मोजायला पोलीसही येत नाहीत.

मावशींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. दोन-तीन महिने गावाला जाणं उपयोगी पडतं. झोप परत येते, हॉर्न ऐकू येत नाही. पण तिथे त्याला रोजचं काम हवं, नाहीतर तो फोनवर इथल्याच गल्लीत राहील. नवा पत्ता तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि कोर्टाची तारीख एकही चुकवू नका. त्याची साक्ष झाली नाही तर मारणारे सुटतील, आणि मग कोयत्याशिवाय त्याला दुसरं काही सुचणार नाही.

आता हात. हे मी शेवटी लिहितेय, पण मला सगळ्यात जास्त आशा इथे वाटते.

पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत पन्नास गुण असतात. १६०० मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा. तुमच्या भावाने तो पैसे साठवून विकत आणला होता, आणि ज्या हाताने फेकायचा तोच हात कापला गेला. त्याने मैदान सोडलं त्यामागे हे आहे, असं मला वाटतं. पोरं असं दुःख बोलून दाखवत नाहीत, सरळ उठायचंच बंद करतात. टाके काढल्यावर हाताचे व्यायाम त्याला कुणी शिकवले का? बहुतेक शिकवले नसतील. मोठ्या सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग असतो, हाताच्या तुटलेल्या दोऱ्यांचं, म्हणजे टेंडनचं, काम तोच विभाग बघतो. ससूनला केसपेपर काढा. जुने कागद घेऊन जा. वर्ष झालं असलं तरी बघू द्या. कधी नुसत्या फिजिओथेरपीने फरक पडतो, कधी चिकटलेली दोरी मोकळी करायला छोटी शस्त्रक्रिया लागते, कधी काही होत नाही. पण कळलं तर पाहिजे. आणि त्याच फेरीत मानसोपचार विभागात घेऊन जा, झोपेसाठी म्हणून. 'डोक्याचा डॉक्टर' म्हणालात तर येणार नाही. त्याआधी रात्री दोनला जाग असताना त्याला फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. गल्लीत ते परत आले आणि उतरायला लागले तर दार लावून घ्यायचं आणि ११२. हा क्रमांक त्याच्या, तुमच्या, आईच्या आणि शेजारच्या दोघांच्या फोनवर आजच वर ठेवा.

बोटं पूर्ण बरी झाली नाहीत तरी धावण्याचे पस्तीस गुण त्याच्या पायांत आहेत. वैद्यकीय तपासणीत काय होईल याबद्दल मी आज खोटं आश्वासन देणार नाही. पण चारित्र्य पडताळणीत कोरा निघणं अजून त्याच्या हातात आहे, आणि ती पडताळणी कंपनीत, सिक्युरिटीत, ड्रायव्हिंगमध्ये, सगळीकडे लागते.

कधीतरी तो तुम्हाला म्हणेल की हत्याराशिवाय आपल्याला कोण विचारतं. तेव्हा २७ जून २०२३ ची सदाशिव पेठेची सकाळ त्याला आठवून द्या. पेरुगेटजवळ एका मुलीवर कोयता उगारलेल्या पोराचा हात धरायला जो धावला तो स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा होता. रिकाम्या हातांनी धावला. तुमच्या भावालाही खाकीच हवी होती.

आईला सांगा. मी आधी विचार केला होता की कोयता गेल्यावर सांगा म्हणावं, पण नको. ती त्याच दिवाणावर झोपत असेल. तिला कळल्यावर ती रडेल, दोन दिवस घरात चूल नीट पेटणार नाही, आणि मग ती तुमच्यापेक्षा खंबीर उभी राहील असा माझा अनुभव आहे. शिवाय हे ओझं तुम्ही एकट्या सत्तावीस वर्षांच्या पोरीने किती दिवस वाहणार? लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहिताना तुमचा हात थरथरत असेल. तुम्हालाही झोप लागते का, हे मी विचारतेय. लागत नसेल तर तो १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या तरी पुरे : कोयत्याचं विचारून त्याची विल्हेवाट लावणं, शिवाजीनगरला एक फेरी, ससूनचा केसपेपर. बाकीचं सावकाश.

दिवाण आवराल तेव्हा गोळा मात्र जागच्या जागी राहू द्या. बोटांचं डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून कळवा, मी वाट बघते.

तुमची,
ताई